शिवेपलीकडची सनद

कुर्ल्याहून गाडीने दादरकडे निघालो की पहिले स्टेशन शीव. गाडीत उभे राहण्यापुरती जागा मिळाली तरी माणूस नशीब समजतो. अशा वेळी स्टेशनाच्या नावाचा विचार करायला कोणाला सवड असणार? पण शीव म्हणजे हद्द, वेस. मुंबईचे बेट तेथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. आपले कुर्ले साष्टीतले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, खाडीवर बांध घालून रस्ता केला गेला आणि शीव व कुर्ले ही दोन गावे कोरड्या पायांनी जोडली गेली. माणसे आली, बैलगाड्या आल्या, माल आला. एक गोष्ट मात्र त्या बांधावरून पुष्कळ वर्षे अलीकडे आली नाही, ती म्हणजे मुंबईचा कायदा.

हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. १८२४ मध्ये मुंबईत सुप्रीम कोर्ट सुरू झाले. त्याची हुकमत मुख्यतः मुंबई बेटावर चाले. तेथे इंग्रजी कायदा, इंग्रजी भाषा आणि बोलायला उभा राहणार तो विलायतेहून आलेला बॅरिस्टर. शिवेच्या या बाजूला मात्र कंपनी सरकारच्या अदालती होत्या. कुर्ल्याच्या माणसाचे भांडण ठाणे जिल्ह्याच्या अदालतीत जाई आणि तेथून वर अपील सदर अदालतीकडे. या अदालतींत उभा राहणारा तो वकील. त्याच्याजवळ अदालतीने दिलेली सनद असे. एका खाडीच्या दोन काठांवर दोन न्याय आणि दोन प्रकारचे कायदेपंडित होते. १८६२ मध्ये दोन्ही वरिष्ठ न्यायालये मोडून एकच हायकोर्ट झाले खरे, पण त्या हायकोर्टाच्या पोटातही शीव राहिलीच. एक ओरिजिनल साइड, दुसरी अपेलेट साइड. पहिली मुंबई बेटातल्या दाव्यांची, दुसरी मोफसलातून येणाऱ्या अपिलांची.

आम्ही वकील नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. कायदा जो काही शिकलो तो कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तरीही व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडायला सांगितले तेव्हा हा निवडला, त्याला कारण आहे. गेली काही वर्षे आमच्या कचेरीत संध्याकाळी मुले-मुली येतात. कोणाचा बाप बंद पडलेल्या कारखान्यातला, कोणाची आई वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कचेऱ्या झाडणारी. त्यांचा प्रश्न एकच असतो : "काका, लॉच्या सीईटीला बसायचंय. क्लास लावायलाच पाहिजे का?" परीक्षेत काय विचारतात हे सांगणारी पुस्तके बाजारात ढिगाने आहेत. ही परीक्षा आली कोठून, तिने आजवर कोणाला आत घेतले आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे मात्र त्या पुस्तकांत सापडत नाही. ते समजल्याखेरीज त्या मुलांना खरे उत्तर देता येणार नाही, असे आम्हाला वाटते.

प्रथम परीक्षेच्या बाजूने बोलू. परीक्षा म्हटली की आपल्या पोटात गोळा येतो. पण वकिलीच्या धंद्यात परीक्षा आली ती न्याय म्हणून आली. १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहाने अदालतींची आणि वकिलांची व्यवस्था लावली. पण ज्या काळी सनद पुष्कळशी अदालतीच्या मर्जीवर मिळते, त्या काळी ओळख, घराणे आणि शिफारस यांना महत्त्व येणारच. १८४६ च्या पहिल्या कायद्याने जाहीर केले की, माणूस कोणत्याही देशाचा वा धर्माचा असो, नियमाप्रमाणे लायकीचा दाखला मिळवील त्याला वकिली करता येईल. बाप कोण हे न विचारता तुला काय येते हे विचारायचे, हे तत्त्व त्यात होते. आमच्या मते ते लहानसहान पाऊल नव्हते.

मग ती लायकी शिकवायची कोठे? १८५५ मध्ये मुंबईत सरकारी कायदाशाळा निघाली. सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्या नावाने न्यायशास्त्राचे अध्यासन ठेवले गेले. आज चर्चगेटजवळ असलेल्या शासकीय विधी महाविद्यालयाचे मूळ हेच. दोन वर्षांनी, १८५७ मध्ये, विद्यापीठ आले आणि एलएल.बी.ची पदवी सुरू झाली. महादेव गोविंद रानडे १८६६ मध्ये एलएल.बी. झाले. पण पदवीने ओरिजिनल साइडचे दार उघडत नव्हते. त्या बाजूला उभे राहायचे तर विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचे, हा राजमार्ग. बद्रुद्दीन तय्यबजी त्या मार्गाने जाऊन १८६७ मध्ये मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. ज्याला विलायत परवडत नव्हती त्याच्यासाठी हायकोर्टाची ॲडव्होकेटची परीक्षा होती आणि ती अतिशय कठीण म्हणून प्रसिद्ध होती. रानडे १८७१ मध्ये ती उतरले; काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८७२ मध्ये त्याच वाटेने ॲडव्होकेट झाले आणि पुढे १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. बोटीचे तिकीट न काढता, गिरगावातल्या घरात बसून केलेल्या अभ्यासाच्या बळावर बॅरिस्टरांच्या रांगेत बसता येते, हे त्या परीक्षेने सिद्ध केले.

त्याखाली आणखी एक पायरी होती आणि आम्हाला तिचे महत्त्व अधिक वाटते. जिल्हा न्यायालयात वकिली करण्यासाठी हायकोर्ट स्वतंत्र परीक्षा घेई. तिला डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा म्हणत. तिला विद्यापीठाची पदवी लागत नसे. मोफसलातले कितीतरी नामांकित वकील या पायरीवरून वर आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे असेच पदवीवाचून वकिलीची परीक्षा देऊन वकील झालेले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बाजूने उभे राहण्याची हिंमत त्यांनी दाखवली. पदवी नव्हती; हिंमत होती आणि सनद होती.

आता क्लासचा प्रश्न. आपल्याला वाटते की प्रवेशपरीक्षांचे क्लास ही या जमान्याची देणगी. तसे नाही. १८९० च्या सुमारास, डेक्कन एज्युकेशन सोसायटीशी संबंध तुटत असताना, बाळ गंगाधर टिळकांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षांचा खाजगी वर्ग काढला. टिळक स्वतः १८७९ चे एलएल.बी.; पण सनद घेऊन कोर्टात जायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांची तयारी त्या वर्गात करून घेत. मुंबई इलाख्यात या प्रकारचा तो पहिला वर्ग मानतात. वर्तमानपत्रांतून पोट भरत नव्हते, म्हणून पोटासाठी वर्ग. आणि वर्गातून तयार झालेली माणसे पुढे गावोगावच्या कोर्टांत. पुढे १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा आपला बचाव त्यांनी स्वतःच केला. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. ज्या कामगारांनी त्या वकिलीच्या मास्तरासाठी सहा दिवसांची रोजी सोडली, त्यांच्यापैकी कोणी त्या वर्गाच्या बाकावर बसू शकला असता काय? येथून आमच्या खऱ्या प्रश्नाला सुरुवात होते.

कुर्ल्यात १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी बुडीत निघालेली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिची स्वदेशी मिल झाली. गिरणीत माणूस किती तास उभा असे, हे या विषयाशी संबंध नसलेले दिसते. वस्तुतः सारा संबंध तेथेच आहे. कापडगिरणीत प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली गेली ती १९११ च्या कायद्याने. त्यापूर्वी तीही नव्हती. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास झाले, १९३४ मध्ये चौपन्न आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. बारा तास सांच्यापुढे उभा राहिलेला माणूस चाळीत येऊन कराराचा कायदा वाचील, ही अपेक्षा करणाराने एकदा तरी रात्रपाळी करून पाहावी. परीक्षा बाप कोण हे विचारत नव्हती हे खरे. पण तुला वाचायला वेळ किती, हेही ती विचारत नव्हती. आणि ज्याला वेळ नव्हता तो नापास होण्यापूर्वीच बाद होत होता. म्हणून अभ्यासाचा इतिहास लिहायचा तर कामाच्या तासांचा इतिहास त्याच्या शेजारी ठेवावा लागतो.

काही माणसांना तर उत्तीर्ण होऊनही दार बंद राहिले. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. स्त्री म्हणून विद्यापीठाने पदवी दिली ती तीस वर्षांनी, १९२२ मध्ये. मध्यंतरी त्या मुंबईची एलएल.बी. झाल्या, अलाहाबादेची वकिलीची परीक्षाही उतरल्या. तरी कोर्टात उभे राहण्याचा हक्क नाही. शेवटी १९२३ मध्ये कायदा झाला तेव्हा स्त्रियांना वकिली खुली झाली. परीक्षा हा एक उंबरा असतो. त्याच्या आत आणखी किती उंबरे आहेत, हे ओलांडणाऱ्यालाच कळते.

आणि ज्याच्यापुढे सर्वांत अधिक उंबरे होते, तो माणूस आपल्या परळचा. भीमराव रामजी आंबेडकर १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. मुंबईस परत आल्यावर हायकोर्टात काम सुरू करायला सनद हवी, सनदेला फी हवी आणि फीला पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी मदत केली तेव्हा १९२३ मध्ये सनद हाती आली. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या विद्वानाची सनद फीपायी अडावी, हे आपण लक्षात ठेवू. पुढे याचे काम पडणार आहे. सनद मिळाली तरी अशिले धावून आली नाहीत. अस्पृश्य बॅरिस्टराकडे मोठ्या कामांचे कागद कोण पाठवणार? १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी संसाराला हातभार लावला. १९२८ मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि जून १९३५ मध्ये प्राचार्य. सोबत पद होते पेरी प्रोफेसरचे, म्हणजे १८५५ मध्ये इंग्रज न्यायाधीशाच्या नावाने ठेवलेले तेच अध्यासन. ऐंशी वर्षांनी त्या खुर्चीवर परळच्या चाळीत वाढलेला माणूस बसला. जानेवारी १९३६ मध्ये त्यांनी महाविद्यालयाच्या मासिकात मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला; आणि १९५६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले. आपण आत शिरलो म्हणजे दार उघडले, असे त्यांनी मानले नाही. दुसऱ्यांसाठी दार केले.

हे झाले सनदवाल्यांचे. पण कामगारांच्या चळवळीत एक बिनसनदी वकिलीही वाढली. तिचा उल्लेख इतिहासात क्वचितच होतो, म्हणून येथे करतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील छत्तिसाव्या कलमाने तडजोडीच्या कामात वकिलाला मज्जाव केला, आणि लवादापुढे दुसऱ्या पक्षाची संमती व लवादाची परवानगी असेल तरच मुभा ठेवली. कामगाराची बाजू त्याच्या युनियनचा पदाधिकारी मांडू शके. हेतू स्वच्छ होता : मालक मोठा वकील उभा करणार, कामगाराला तो परवडणार नाही, तेव्हा सामना बरोबरीचा असावा. या कलमाने आमच्यासारख्या शेकडो माणसांना कायद्याची पुस्तके हाती धरायला लावले. चौथी-सातवी शिकलेले फिटर आणि टर्नर चार्जशीटला उत्तर लिहायला शिकले, साक्षीदाराची उलटतपासणी करायला शिकले. परीक्षा कोणी घेतली नाही. पण दर तारखेला एक परीक्षाच असे आणि नापास झालो तर पेपर फाटत नसे, एका घराची चूल विझत असे.

ही बरोबरी टिकली का? पूर्णपणे नाही. १९७६ मध्ये पारादीप पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वकील जर मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी असेल तर त्या नात्याने तो येऊ शकतो. मग संमतीची अट आड येत नाही. मालकांना वाट मिळाली. १९८३ मध्ये मुंबई बंदराच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही सावरली : खातेनिहाय चौकशीत मालकाने कायदा जाणणारा माणूस आपल्या बाजूने नेमला असेल, तर कामगारालाही वकील मिळाला पाहिजे. एका अशाच चौकशीत आम्ही बसलो होतो. पलीकडे कायद्याचे दोन पदवीधर. अलीकडे आठवीपर्यंत शिकलेला वेल्डर, त्याच्या हातात इंग्रजीत टाइप केलेला जबाब, खाली त्याचीच सही. जबाबात काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही शक्य ते केले, पण त्या दिवशी मनात आले की आमची बिनसनदी वकिली कोठवर पुरणार? आता तर १९४७ चा तो कायदाही राहिला नाही. २०२० मध्ये संमत झालेली औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि कलमांची पाठ केलेली उजळणी आम्हाला पहिल्यापासून करावी लागत आहे. कामगारवस्तीतून आलेले, सनद असलेले वकील हवेत, हे म्हणणे आता हौसेचे राहिलेले नाही.

तर या मुलांपुढे आज कोणता रस्ता आहे? १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्याने वकील, प्लीडर, मुखत्यार हे सारे भेद काढून ॲडव्होकेट हा एकच वर्ग केला. शिवेच्या अलीकडचा आणि पलीकडचा वकील कायद्याने सारखा झाला. ही मोठी गोष्ट. पण त्याबरोबर पदवीवाचून वर येण्याची डिस्ट्रिक्ट प्लीडरची पायरीही गेली. पुढे बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आला; १९८७ मध्ये बेंगळुरूला राष्ट्रीय विधी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या पाठोपाठ इतर राज्यांत. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद अशी तीन ठरली. मुंबईचे कुर्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, पवईत आले. या विद्यापीठांच्या वेगवेगळ्या परीक्षा देण्यात विद्यार्थ्यांची ओढाताण होई, म्हणून २००८ पासून क्लॅट ही एकच परीक्षा आली. आपल्या राज्यातील इतर विधी महाविद्यालयांसाठी २०१६ पासून सीईटी आली. सीईटी मराठीतूनही देता येते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लॅट मात्र केवळ इंग्रजीत. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. आणि अलीकडच्या वर्षांत सर्वसाधारण उमेदवाराला नुसत्या अर्जाचेच ४,००० रुपये भरावे लागतात. झाडू मारणाऱ्या आईच्या पगारातून ते जाताना काय होते, हे कागदावर दिसत नाही.

आता आम्ही मघा सांगितलेला नियम लावून पाहा : परीक्षा काय विचारत नाही ते पाहावे. क्लॅटमध्ये दोन तासांत लांबलचक इंग्रजी उतारे वाचून उत्तरे द्यायची असतात. म्हणजे परीक्षा कायद्याची म्हटली तरी मोजला जातो तो लहानपणापासून घरात इंग्रजी वाचनाला मिळालेला निवांतपणा. प्रवेश मिळाला तरी बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात यांच्या आतच भरायचे, आणि प्रत्येक विषयात सत्तर टक्के हजेरी. शिक्षणाचा दर्जा राहावा हा हेतू आम्हाला मान्य आहे. कोठेतरी नाव घालून परीक्षेपुरते उगवणारे विद्यार्थी कोणाच्याच कामाचे नाहीत. पण संध्याकाळचे वर्ग करून, नोकरी सांभाळून एलएल.बी. झालेले किती कारकून आणि शिक्षक या मुंबईने पाहिले आहेत! त्यांचा दर्जा कमी होता असे कोणी म्हणेल काय? २०१६ मध्ये वयाची अटही पुन्हा घातली होती; २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, म्हणून पस्तिशीतल्या कामगाराला निदान अर्ज तरी करता येतो.

पदवीनंतर सनद. २०११ पासून त्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. आणि सनदेची फी? १९२३ मध्ये आंबेडकरांची सनद फीपायी अडली होती. शंभर वर्षांनीही राज्यांच्या बार कौन्सिली हजारो रुपये घेत होत्या, काही ठिकाणी चाळीस हजारांच्या वर. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्यात लिहिलेले ७५० रुपयेच घ्यावेत, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५. ज्या कायद्याची शपथ घ्यायची तोच कायदा दारात मोडला जात होता, एवढा या निकालाचा अर्थ आहे. नवल भथेनांसारखा मित्र प्रत्येकाला मिळत नाही. म्हणून हा निकाल प्रत्येक वस्तीत माहीत असला पाहिजे. सनदेनंतर पहिली दोन-तीन वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत बिनपगारी किंवा नाममात्र पैशांत काढावी लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने शहरात महिना २०,००० आणि खेड्यात १५,००० रुपये द्यावेत, असे सुचवले आहे. पण सूचना ती सूचना. पगाराचा हक्क आणि मालकाची कृपा यांतला फरक कामगारांना शिकवावा लागत नाही.

तात्पर्य काय? परीक्षा मोडून काढा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परीक्षा गेली तर तिच्या जागी शिफारस येईल, आणि शिफारशीच्या राज्यात कुर्ल्याच्या पोराला कोण विचारतो? रानडे, तेलंग, सार्वजनिक काका यांना परीक्षेनेच वर आणले. आमचे म्हणणे इतकेच की, दीडशे-पावणेदोनशे वर्षांत परीक्षेने जन्माची शीव पुसली तर दर वेळी तिच्या जागी नवी शीव उभी राहिली. कधी बोटभाड्याची, कधी वेळेची, कधी भाषेची, कधी फीची. ज्याला दार उघडायचे आहे त्याने आज ती शीव कोठे सरकली आहे ते शोधले पाहिजे. आज ती वेळेत आणि इंग्रजीत आहे. म्हणून संध्याकाळच्या वर्गांची मागणी, दर्जाच्या अटींसह, बार कौन्सिलकडे लावून धरली पाहिजे.

आणि मागणी मान्य होईपर्यंत? "क्लास लावायलाच पाहिजे का?" या प्रश्नाला आम्ही आता असे उत्तर देतो : पैसे असतील तर लावा, नसतील तर युनियनच्या कचेरीत या. संध्याकाळी सातनंतर तेथे टेबल आहे, दिवा आहे, जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. इंग्रजीच्या उताऱ्यांसाठी एक निवृत्त शिक्षिका आठवड्यातून तीनदा येतात. कायद्याची जाण यावी म्हणून आम्ही मुलांपुढे खऱ्या चार्जशिटा ठेवतो, नावे झाकून, आणि विचारतो : यात आरोप कोणता, पुरावा कोणता, आणि नियम कोणता मोडला? वेल्डरचा तो इंग्रजी जबाबही त्यांत आहे. परवा एका मुलीने तो वाचला आणि विचारले, "काका, सही करण्यापूर्वी हा त्यांना मराठीत वाचून दाखवला, असं कुठंच लिहिलेलं नाही. मग हा जबाब धरायचा कसा?" चौकशीच्या त्या दिवशी हे आम्हाला सुचले नव्हते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. इलाख्यातली कठीण परीक्षा उतरलेल्या माणसाने असा मंडप घातला की जेथे आत येताना कोणाची परीक्षा नाही. त्या परंपरेतल्या या मंडपात आम्ही मागणे मागतो ते लहानच आहे. आपल्या चाळीत, आपल्या सोसायटीत, आपल्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी दोन तास रिकामी असलेली एक खोली मुलांना द्या. श्रोत्यांत वकील असतील त्यांनी महिन्यातली एक संध्याकाळ द्यावी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी मुंबईहून सुटली ती कुर्ल्यापर्यंत आली होती. शीव ओलांडून येण्याची सवय या गावाला नवी नाही. आता कुर्ल्याहून निघालेली मुले शीव ओलांडून कोर्टापर्यंत पोचली पाहिजेत, आणि पोचल्यावर त्यांनी मागे वळून त्या वेल्डरकडे पाहिले पाहिजे. एवढे झाले तर आमच्या बिनसनदी वकिलीने आनंदाने रजा घ्यावी.